जांघेतील हर्निया: थांबावे की शस्त्रक्रिया करावी?

प्रश्न: माझे वय ५८ वर्षे आहे. काही महिन्यांपासून उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा येतो. उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर तो दिसतो आणि आडवे झाल्यावर आपोआप आत जातो. दुखत काहीच नाही. डॉक्टरांनी हर्निया असल्याचे सांगून शस्त्रक्रिया सुचवली आहे, परंतु एका स्नेह्यांच्या मते पट्टा बांधून व व्यायाम करून तो बरा होतो. शस्त्रक्रिया टाळता येईल का?

उत्तर: पट्ट्याने किंवा व्यायामाने प्रौढ व्यक्तीचा हर्निया बरा होत नाही, मात्र म्हणून तुमची शस्त्रक्रिया घाईघाईनेच उरकायला हवी, असेही नाही.

पोटाच्या भिंतीत, जांघेच्या किंचित वर, सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा एक तिरकस मार्ग असतो. गर्भावस्थेत वृषण याच मार्गाने पोटातून खाली उतरते आणि त्याच्यासोबत ओढली गेलेली पोटाच्या अस्तराची पिशवी पुढे मिटून जाणे अपेक्षित असते. ती उघडी राहिली, किंवा उतारवयात या मार्गाची मागची भिंत सैल पडली, की आतली चरबी अथवा आतड्याचे वेटोळे तेथून पुढे येऊ लागते. उजवे वृषण थोडे उशिरा उतरते, त्यामुळे उजव्या बाजूचा हर्निया अधिक आढळतो. ही कमजोरी स्नायूंना झाकणाऱ्या चिवट पडद्यात असल्यामुळे स्नायू कितीही बळकट केले तरी छिद्र बुजत नाही. पट्टा तर केवळ बाहेरून दाब देतो, आणि हर्निया आत गेलेला नसताना तो आवळला तर आतड्याला इजा होण्याची भीती असते.

आता थांबण्याविषयी. त्रास नसलेल्या किंवा अगदी किरकोळ त्रास असलेल्या सातशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास अमेरिकेत झाला व २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थांबून राहिलेल्यांपैकी आतडे अडकण्याची वेळ वर्षाला हजारात दोघांवरही आली नाही. मात्र पुढील सुमारे दहा वर्षांत त्यांच्यातील दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी, बहुतेकांनी वेदना वाढल्यामुळे, अखेर शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे थांबणे सुरक्षित आहे, पण तुमच्या बाबतीत प्रश्न बहुधा ‘करावी का’ यापेक्षा ‘कधी करावी’ असाच राहील, आणि ती वेळ प्रकृती ठणठणीत असताना स्वतः निवडावी, असे माझे मत आहे.

शस्त्रक्रियेत पिशवी आत ढकलून कमजोर जागेवर सहसा पॉलीप्रॉपिलीनची जाळी बसवतात, आणि शरीराचे ऊतक तिच्यात वाढून भिंत पक्की होते. हे काम जांघेवर एक छेद घेऊन करता येते, प्रसंगी केवळ ती जागा बधिर करूनही. दुर्बिणीने करताना लहान छिद्रांतून जाळी भिंतीच्या आतल्या बाजूस लावतात आणि त्यासाठी बहुधा पूर्ण भूल लागते. दुर्बिणीनंतर वेदना कमी असतात व माणूस लवकर कामाला लागतो. दोन्ही बाजूंना हर्निया असल्यास किंवा छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा उद्भवल्यास ती विशेष सोयीची ठरते. हृदय वा फुप्फुस कमजोर असेल तर मात्र पहिला मार्ग बरा. काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने जांघेत दुखत राहते, ही गोष्ट आधीच विचारून घ्यावी. ज्यांना मुळात त्रासच नव्हता त्यांना ती अधिक खटकते. जुनाट खोकला, कुंथावे लागणारी बद्धकोष्ठता, प्रोस्टेटमुळे लघवीला द्यावा लागणारा जोर आणि धूम्रपान यांवर आधी उपाय केलेला चांगला.

थांबायचे ठरवलेत तर एवढे पक्के लक्षात ठेवा: एरवी आत जाणारा फुगवटा आडवे होऊनही जात नाही, तो कडक व दुखरा होतो, त्वचा लालसर दिसते, उलट्या सुरू होतात, किंवा शौच व वायू सरणे बंद होते, यांपैकी काहीही झाले तर तो जोराने दाबत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि तोवर काही खाऊ-पिऊ नये. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांतच ते निकामी होऊ शकते.

प्रश्न: माझ्या ७१ वर्षांच्या आईच्या मांडीच्या अगदी वरच्या टोकाला लहानशी गाठ आहे. ती दुखत नाही, म्हणून आई डॉक्टरांकडे जायला तयार नाही. थांबले तर चालेल का?

उत्तर: नाही. वर उल्लेखिलेला अभ्यास पुरुषांचा होता, आणि तो दिलासा स्त्रियांना लागू पडत नाही. मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशेजारच्या अरुंद जागेतून बाहेर येणारा हर्निया स्त्रियांमध्ये तुलनेने अधिक आढळतो, आणि तोंड अरुंद व कडक असल्याने तो अडकण्याचा धोकाही बराच मोठा असतो. स्थूल व्यक्तीत तो हाताला लागतही नाही, आणि कधी उलट्या व पोटफुगी सुरू झाल्यावरच उमगतो. ही गाठ लसिकाग्रंथीची सूजही असू शकते, म्हणून प्रथम शल्यचिकित्सकांकडून तपासणी व आवश्यक वाटल्यास सोनोग्राफी करून घ्यावी. हर्निया निघाल्यास दुखण्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया ठरवावी.

प्रश्न: तीन महिन्यांच्या बाळाच्या जांघेत रडताना फुगवटा येतो. तो वाढत्या वयाबरोबर जाईल का?

उत्तर: बेंबीचा हर्निया पुष्कळदा आपोआप मिटतो, जांघेतला मिटत नाही. तान्ह्या बाळांत तो अडकण्याची शक्यता अधिक असल्यामुळे बालशल्यचिकित्सकांना लवकर दाखवून शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. लहान मुलांत सहसा जाळी लागत नाही, फक्त उघडी राहिलेली पिशवी बांधली जाते.