आलेख दिसला की मुलगा बंद पडतो

“मॅडम, पाढे तोंडपाठ आहेत, समीकरणं झटपट सोडवतो. पण आलेख समोर आला की हा बंद पडतो. बोर्ड बदललं तेच चुकलं का आमचं?”

परळहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा आठवीत, राज्य मंडळातून नुकताच आंतरराष्ट्रीय बोर्डात गेलेला. असे पालक माझ्याकडे बरेच येतात. बहुतेकदा मुलाचं गणित कच्चं नसतं, आलेख वाचायचा कसा हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

चाचणीतला स्टेम-अँड-लीफ आलेख मी त्याला मोठ्याने वाचायला लावला. ‘३ | ५’ त्याने “तीन, पाच” असं वाचलं. रेघेच्या डावीकडचं खोड म्हणजे दशक, उजवीकडचं पान म्हणजे एकक, मिळून पस्तीस. खाली तशी किल्ली छापलेली होती, पण धास्तावलेल्या मुलाची नजर तिथपर्यंत पोचत नाही.

पोरगा शिवाजी पार्कात खेळणारा. म्हणून वानखेडेवरची २ एप्रिल २०११ची विश्वचषक फायनल घेतली. सेहवाग ०, सचिन १८, गंभीर ९७, कोहली ३५, धोनी नाबाद ९१, युवराज नाबाद २१. त्याने खोडं मांडली ०, १, २, ३ आणि थेट ९.

“मधली कुठे गेली?”

“तिथे कोणीच नाही ना!”

ही चूक फार मुलं करतात, आणि शिकवताना इथेच थांबायला हवं असं मला वाटतं. ४ ते ८ ही खोडं रिकामी असली तरी लिहायचीच. गाळली तर ३५ आणि ९१ शेजारी-शेजारी येतात. लिहिल्यावर मात्र गंभीर आणि धोनी बाकीच्यांपासून किती लांब आहेत ते त्याला दिसलं. मग त्याने आपणहून बेरीज केली: २६२. “पण भारताच्या २७७ झाल्या होत्या!” उरलेल्या १५ अवांतर, कुठल्याच फलंदाजाच्या नावावर नसलेल्या. हे त्याने विचारलं आणि त्याच्या गणिताबद्दल मला शंका उरली नाही.

हिस्टोग्रामसाठी, म्हणजे प्रत्येक गटात किती जण ते खांबांनी दाखवणाऱ्या आलेखासाठी, वही फक्त आडवी फिरवली. पानांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांभोवती चौकटी काढल्या. अंक पुसले की नव्वदीत दोघं होते एवढंच कळतं, ९१ की ९७ ते कळत नाही.

“मग ॲडलेडचं छत्तीस ऑल आउट?” त्याने विचारलं. भारताच्या २०२०च्या त्या कसोटी डावात कोणीच दोन आकड्यांत गेलं नाही. अकराही पानं शून्याच्या खोडावर, दहा-दहाचे गट केले तर एकच खांब. मी म्हटलं, गट दोन-दोनचे कर. ४ धावा २–४ मध्ये की ४–६ मध्ये, यावर तो अडला. वरची मर्यादा पुढच्या गटात मोजायची हे सांगितल्यावर खांब आले ४, १, ४, ०, २.

आईला सांगितलं, बोर्ड आणि शिकवणी दोन्ही विषय सध्या बाजूला ठेवा. त्याच्यासमोर “याला आलेख येत नाहीत” म्हणू नका. रोज एकच आलेख वाचून घ्या. अंक सतत उलटसुलट होत असतील, साधी बेरीजही टिकत नसेल, तर मात्र अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती सोय आहे. या मुलाला तिची गरज नव्हती.