सासूबाईंचा श्रावण, फुकेतचा पाऊस आणि आम्ही तेराजण

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो, एकत्र कुटुंब. सासू-सासरे, तिघं भाऊ, आम्ही तिघी जावा आणि पाच पोरं असे तेराजण १५ ऑगस्टला जोडून सुट्टी घेऊन थायलंडला चाललोय, फुकेत-क्राबी, सहा दिवस. ॲडव्हान्स भरून झालाय आणि आता सगळे सांगायला लागलेत की तिकडं ऑगस्टात धो धो पाऊस असतो. आमचे मिस्टर म्हणतात, गगनबावड्याचा पाऊस बघितलेल्या माणसाला फुकेतचा पाऊस काय करणार! प्रोग्रॅममध्ये तीन दिवस स्पीडबोट आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्या श्रावण कडक पाळतात. कॅन्सल करावं का?
– थोरली सून, कोल्हापूर

उत्तर : ताई, कॅन्सल नका करू, पण प्रोग्रॅम आहे तसा घेऊनही जाऊ नका. मिस्टरांचं निम्मं बरोबर आहे. तिथला पाऊस म्हणजे आपलाच नैऋत्येचा मान्सून, साधारण मे ते ऑक्टोबर. बऱ्याचदा तासभर बदाबदा ओततो आणि लगेच ऊन पडतं, कधीकधी मात्र दोन-दोन दिवस पिच्छा सोडत नाही. भिजण्याचं काही नाही हो, कपडे वाळतात. घोळ समुद्राचा आहे, आणि गगनबावड्याला समुद्र नाही एवढं मिस्टरांना आठवण करून द्या.

पातोंग, करोन, काटा हे फुकेतचे फेमस बीच सगळे पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे वारा आणि लाटा थेट अंगावर. तिथं लाल झेंडा लावलेला असला की पाण्यात उतरायचं नाही. आपल्याकडं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, तेव्हा नदीकाठचा कोणी वाद घालत बसत नाही, गपगुमान सामान हलवतो, तसाच हा झेंडा समजा. पाणी गुडघाभर दिसतं आणि खालची ओढ माणसाला आत घेऊन जाते. हे पोरांना सांगा, आणि पोरांच्या आधी दिरांना सांगा.

बोटीचं पण तेच. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ फिनिक्स नावाची पर्यटकांची बोट खवळलेल्या समुद्रात उलटली, ४७ माणसं गेली, आणि हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता. त्यामुळं सकाळी फोन आला की आज बोट नाही, तर एजंटशी भांडू नका, देवाला नमस्कार करा. भांडायचं ते आत्ता, इथं बसून : बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरी ट्रिप, हे लेखी घ्या. आणि तुमच्या कागदावर माया बे लिहिलंय का बघा. गेली काही वर्षं १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर तो किनारा विश्रांतीसाठी बंद ठेवतात, तरी ब्रोशरवर फोटो त्याचाच असतो!

माझं ऐकाल तर तीन बोटींची एक करा आणि ती फांग-न्गाच्या खाडीची. ती फुकेतच्या पूर्वेला, बेटाच्या आडोशाला आहे म्हणून पावसाळ्यातही पाणी त्यातल्या त्यात शांत असतं, आणि पाण्यातनं सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके ढगात काय दिसतात म्हणून सांगू. पण स्पीडबोट नको, छपराची मोठी संथ बोट घ्या. आमच्या घरच्या ट्रिपला मावशी हौसेनं स्पीडबोटीत पुढं बसल्या, प्रत्येक लाटेला आपटून उरलेले चार दिवस कंबरेला पट्टा, आणि घरी आल्यावर बोलणी मला. ही बोट पहिल्याच मोकळ्या दिवशी ठेवा, म्हणजे पावसानं गेली तरी मागं दिवस उरतात.

बाकी दिवस जुन्या फुकेत गावात काढा. कथलाच्या खाणींच्या काळात पैसेवाल्या चिनी व्यापाऱ्यांनी बांधलेली रंगीत घरं आहेत, थालांग रोडला बऱ्याच ठिकाणी घरांच्या पुढं छताखालनं चालायची वाट आहे, सासूबाई न भिजता हळूहळू फिरतील आणि गुडघे दुखले तर बसायला चहा-कॉफीची दुकानं. क्राबीचा टायगर केव्ह मंदिराचा डोंगर मात्र त्यांना दाखवू पण नका, बाराशेच्या वर पायऱ्या आहेत.

तारीख तीच ठेवून ठिकाण बदलता येत असेल आणि फार पैसे कापत नसतील तर को सामुईचं विचारा. ते बेट दुसऱ्या बाजूच्या आखातात आहे, ऑगस्टात तिथं पाऊस कमी, त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर.

आता तिकडचं सोडा, इकडचं बघा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद झालेला विसरलात का? राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या सुरू झाल्या की विमानाच्या वेळेचा हिशेब न करता एक दिवस आधी निघा, पुण्या-मुंबईत कोणी नातेवाईक असतीलच की. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड तेराही जणांचं लागेल, पोरांचंसुद्धा, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. आणि तेरा माणसं, तेरा बॅगा एका व्हॅनमध्ये बसत नाहीत, दोन सांगा.

राहिला श्रावण. तिथं नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीतसुद्धा माशाचा सॉस घालतात. 'जे' हा थाई शब्द पाठ करा, त्यात मांस-मासळी काहीच नसतं, कांदा-लसूणपण नसतो, म्हणजे सासूबाई खूशच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या तरीपण. फळांचा सीझन असतो तेव्हा, मँगोस्टीन भरपूर खा, आपल्या कोकमाचाच भाऊबंद आहे. ड्युरियन फणसासारखं दिसतं म्हणून पोरं उचलतील, खाऊ द्या, पण रस्त्यावरच, त्याच्या वासामुळं बरीच हॉटेलं ते आत आणू देत नाहीत आणि दंड लावतात.