इंजेक्शननंतर आलेली 'रिॲक्शन' नेमक्या कोणत्या औषधाची, हे कसं कळतं? आणि अशा माणसाने लस घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो. आई 61 वर्षांच्या. तीन महिन्यांपूर्वी ताप आणि अंगदुखीसाठी बोरिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये होत्या. शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक, पाठोपाठ ॲसिडिटीचं पँटोप्राझोल, मग कमरेत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. थोड्याच वेळात अंगावर पित्त उठलं, धाप लागली, बीपी खाली गेलं. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ: 'इंजेक्शनची रिॲक्शन'. आता गुडघा बदलायचा आहे, शिवाय न्यूमोनियाची लस सांगितली आहे. रक्त तपासून कशाची ॲलर्जी ते कळेल का, असं तुम्ही विचारताय.

मी लालबागला सव्वीस वर्षं दवाखाना चालवतो. ॲलर्जीतज्ज्ञ नाही, पण असं कार्ड घेऊन माणूस पहिल्यांदा येतो तो माझ्यासारख्याकडेच.

रक्ताचं आधी सांगतो, कारण त्यात पैसे जातात. लॅबवाले 'ॲलर्जी प्रोफाइल' म्हणून जे लांबलचक पॅकेज विकतात त्यात धूळ, झुरळ, कोळंबी, शेंगदाणा असं सगळं असतं. तुमच्या तीन संशयितांपैकी एकासाठीही भरवशाची रक्ततपासणी त्यात नाही. ते करू नका.

उपयोगाची एक तपासणी आहे, ट्रिप्टेज. ॲलर्जीचा झटका येतो तेव्हा शरीरातल्या मास्ट पेशी फुटतात आणि हे द्रव्य रक्तात येतं. पण नमुना झटक्यानंतर तासा-दोन तासांत घ्यायला हवा, फार तर चार तासांत, आणि मग एक-दोन दिवसांनी सगळं शांत झाल्यावर दुसरा. दुसऱ्या आकड्याची 1.2 पट करून त्यात 2 मिळवायचे. पहिला आकडा त्याच्या वर असेल तर झटका मास्ट पेशींचाच. म्हणजे एरवीची पातळी 5 असेल तर झटक्यातली 8 च्या वर हवी. पहिली कमी आली म्हणून ॲलर्जी नव्हतीच, असं मात्र म्हणता येत नाही. तुमची ती वेळ गेली. तरी एरवीची पातळी एकदा बघून ठेवा. ती मुळातच बरीच जास्त निघाली तर मास्ट पेशींचाच काही आजार आहे का ते शोधावं लागतं.

मग निदान होतं कशावर? मुख्यतः घड्याळावर.

मी शिकाऊ असताना महापालिकेच्या एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. एका बाईंना शिरेतून अँटिबायोटिक दिलं आणि मी पुढच्या खाटेकडे वळलो. त्या बाई पायाचा तळवा खाटेच्या लोखंडी पट्टीवर घासत होत्या. मला ते दिसलंसुद्धा नाही. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना दिसलं. त्यांनी विचारलं, "तळवे खाजतायत का?" बाई म्हणाल्या, "हो, आणि कसंतरीच होतंय, काहीतरी वाईट होणार असं वाटतंय." सिस्टरनी सलाईन बंद केलं, खिशातलं बॉलपेन काढून स्वतःच्या तळहातावर '2.10' लिहिलं आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, ॲड्रिनॅलिन. मांडीत." अंगावर एकही गांधी उठायच्या आत हे झालं. पुढच्या पाच मिनिटांत चेहरा लाल, ओठ सुजलेले, आवाज घोगरा. बाई वाचल्या. सकाळी केस पेपर लिहिताना सिस्टरनी तळहात माझ्यासमोर धरला: औषध सुरू 2.04, खाज 2.10, ॲड्रिनॅलिन 2.12, दुसरं 2.20. त्या बाईंचं निदान त्या तळहातावर होतं.

तळहात-तळपायांची खाज आणि 'काहीतरी वाईट होणार' ही भीती, दोन्ही पुस्तकात आहेत. मी वाचलीही होती. पण पेशंट ते मराठीत सांगतो तेव्हा ओळखू येत नाहीत. आपल्या भाषेची ही एक गंमतच आहे. 'त्या गोळीने मला पित्त झालं' म्हणजे अंगावर गांधी उठल्या की घशाशी आंबट आलं? 'चक्कर आली' म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी की खोली फिरली? आणि 'गरम पडली' यात तर तोंड येण्यापासून जुलाबापर्यंत काहीही बसतं. अशा शब्दांवरून फाइलवर लाल पेनाने 'ॲलर्जी' लिहिलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. तुम्ही 'पित्त उठलं' लिहिलंय ते गांधी या अर्थाने, असं मी धरतो. पण आईंना पुन्हा विचारा: आधी खाज की आधी धाप? चेहरा लाल की पांढरा?

पांढरा का, ते सांगतो. दवाखान्यात एक माथाडी कामगार आला होता, माझ्या दुप्पट देहाचा. पत्रा लागला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. सुई बाहेर यायच्या आत गडी बाकावरून घसरला. चेहरा पांढराफटक, घाम, नाडी 46. कंपाउंडरने तोवर ॲव्हिल, म्हणजे ॲलर्जीवरचं इंजेक्शन, भरलंसुद्धा. आम्ही फक्त आडवं करून पाय स्टुलावर ठेवले. दोन मिनिटांत डोळे उघडून त्याने चहा मागितला. ही नुसती घेरी. सुईच्या भीतीने नाडी मंदावते, आडवं केलं की माणूस सुधारतो. ॲलर्जीच्या झटक्यात नाडी बहुधा पळते, त्वचा तापते, लाल होते, आणि नुसतं आडवं करून भागत नाही. (आडवं करायचंच, बीपी पडलेल्या माणसाला एकदम उठवून बसवलं तर जीव जाऊ शकतो.) त्या दिवशी ॲव्हिल दिलं असतं तर तो 'ॲव्हिलने बरा झाला' असता आणि जन्मभर 'टीटीची ॲलर्जी' सांगत फिरला असता.

तुमच्या आईंचं वर्णन मात्र घेरीचं वाटत नाही. त्वचा, श्वास आणि बीपी तिन्ही एकदम आणि मिनिटांत, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, जिवावर बेतणारा ॲलर्जीचा झटका, हेच धरून चालायला हवं. दहा-वीस टक्के लोकांत त्वचेवर काहीच दिसत नाही, तेव्हा घोळ होतो. इथे तो प्रश्न नाही. 'सेफ्ट्रिॲक्सोन तर आधी दोनदा घेतलं होतं, तेव्हा काही झालं नाही' असंही तुम्ही लिहिलंय. त्याने ते निर्दोष ठरत नाही, उलट संशय वाढतो. पावसाळ्यात जुहूला वाळूवर निळे फुगे येऊन पडतात ना, ब्लू बॉटल, त्यांच्याच जातीच्या विषापासून हे शास्त्र सुरू झालं. 1901 मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी ते विष अभ्यासायला घेतलं, मग समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचलं. पहिला डोस पचवलेलं कुत्रं काही आठवड्यांनी त्याहून कमी डोसाने मिनिटांत गेलं. ॲनाफिलॅक्सिस हा शब्द त्यांचाच, आणि 1913 चं नोबेल रिशे यांना मिळालं. शरीर पहिल्या भेटीत ओळख करून घेतं, भांडण पुढच्या भेटीत.

आता तीन संशयित. सेफ्ट्रिॲक्सोनवर पहिला संशय जाणारच. डायक्लोफेनॅकही सज्जन नाही, आणि पँटोप्राझोलकडे कुणी बघतच नाही, तरी त्यानेही झटके आल्याची नोंद आहे. त्यामुळे पहिला तपास घरीच: त्या दिवसानंतर आईंनी काय काय गिळलं? उपाशीपोटी पॅन-40 चालू असेल आणि काही झालं नसेल तर पँटोप्राझोल जवळजवळ सुटलं. गुडघ्यासाठी व्होव्हेरान घेतली असेल तर डायक्लोफेनॅकही. पण घेतली नसेल तर 'बघू या' म्हणून आता देऊ नका. फक्त आठवा, पाकिटं शोधा.

पुढचं काम त्वचेवरच्या तपासणीचं, आणि ते ॲलर्जी बघणाऱ्या विभागात, जिथे झटका आला तर सावरायची सोय आहे अशाच ठिकाणी. झटक्यानंतर चार-सहा आठवडे थांबावं लागतं, ते तुमचे झाले. फार लांबवू नका, त्वचेची ही स्मृती काळाबरोबर फिकी होते. सेट्रिझीन, ॲव्हिल वगैरे आठवडाभर आधी बंद. हातावर औषधाचा थेंब ठेवून टोचतात, शेजारी एक थेंब हिस्टामिनचा (याने गाठ उठायलाच हवी) आणि एक साध्या सलाईनचा (याने उठायला नको). पंधरा-वीस मिनिटांनी सलाईनच्या तुलनेत 3 मिलिमीटरने तरी मोठी गाठ उठली तर ती धरायची. नाही उठली तर तेच औषध अगदी पातळ करून त्वचेच्या आत.

'मग नर्सिंग होममध्ये टेस्ट डोस दिलाच होता की!' हे तुम्ही म्हणणार. तो आणि हा वेगळा. त्या टेस्ट डोसात शेजारी ना हिस्टामिन असतं ना सलाईन, औषध किती पातळ करायचं याचा धरबंध नाही, आणि बघायला सिस्टरना वेळ नाही. औषधाने नुसती चुरचूर होऊनही लाली येते, आणि लाली आली नाही म्हणून पुढे झटका येणार नाही याची हमी नाही. लसी आणि सर्पदंशावरचं औषध यांसाठी ओळखली जाणारी परळची हाफकिन संस्था माझ्या दवाखान्यापासून चालत जाण्यावर. सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तद्रवातून बनतं आणि त्याने झटके पुष्कळांना येतात, तरी त्याआधी त्वचेवर चाचणी करू नका असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तिच्यावरून काही कळत नाही.

त्वचा गप्प राहिली तर शेवटचा टप्पा: तेच औषध रुग्णालयात थोडं थोडं वाढवत देऊन बघणं. अंतिम निकाल तोच. डायक्लोफेनॅकच्या बाबतीत बहुधा तिथवर जावं लागतं, किंवा ते टाळून दुसरं वेदनाशामक चालतं का एवढंच बघतात.

हा खटाटोप कशाला, तिन्ही टाळली तर? गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये चिरेआधी बहुधा सेफ्ट्रिॲक्सोनच्याच घराण्यातलं सेफाझोलिन किंवा सेफ्युरोक्झिम देतात. सेफ्युरोक्झिमची रेणूची शेपटी सेफ्ट्रिॲक्सोनच्या जवळची, सेफाझोलिनची अगदी निराळी. म्हणजे सेफ्ट्रिॲक्सोन दोषी ठरलं तरी सेफाझोलिन चालण्याची शक्यता चांगली असते, तेही तपासूनच. फाइलवर नुसतं 'अँटिबायोटिक ॲलर्जी' असेल तर भूलतज्ज्ञ दुय्यम औषधाकडे वळतात आणि सांध्यात जंतू शिरण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत दहातल्या एकाच्या फाइलवर पेनिसिलीन ॲलर्जीचा शिक्का असतो. नीट तपासलं तर त्यातल्या दहापैकी नऊहून जास्त जणांना पेनिसिलीन चालतं.

आईंच्या बाबतीत लागू नाही, पण दुसरं कुणी वाचत असेल म्हणून: औषध सुरू करून काही दिवस किंवा आठवडे झाल्यावर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं असं झालं असेल तर तो वेगळाच आणि भयंकर प्रकार. फिटची औषधं, सल्फा, ॲलोप्युरिनॉल यांनी होतो. तिथे ते औषध पुन्हा देऊन बघणं कधीच नाही.

लस. माझं मत विचाराल तर द्या. सेफ्ट्रिॲक्सोन, पँटोप्राझोल किंवा डायक्लोफेनॅक कुठल्याही लशीत नसतं. लस नाकारायची ती त्याच लशीच्या आधीच्या डोसाने किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकाने असा झटका आला असेल तर. जिलेटिन, पॉलिसॉर्बेट अशी ती यादी वेगळी आहे. लशीने ॲनाफिलॅक्सिस होतो, पण साधारण दहा लाख डोसांमागे एखादाच. कोविशील्डच्या वेळी आपण सगळे अर्धा तास खुर्चीवर बसलो होतो तो याचसाठी. आईंनाही अर्धा तास बसवा, ॲड्रिनॅलिन हाताशी असलेल्या ठिकाणीच द्या, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही नवं औषध नको, नाहीतर पुन्हा तीन संशयित.

हे सगळं करायला आधी कागद हवा. डिस्चार्ज कार्ड नव्हे. नर्सिंग चार्ट, औषधं दिल्याच्या वेळांसह. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि त्या तीन वर्षं जपाव्या लागतात. तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात बघायचं ते एवढंच: कोणतं इंजेक्शन किती वाजता, पहिली तक्रार किती वाजता, नाडी-बीपी किती, ॲड्रिनॅलिन दिलं की नुसतं ॲव्हिल-हायड्रोकॉर्टिसोन. वेळेचा रकाना कोरा असला तर त्या वेळी ड्युटीवर कोण सिस्टर होत्या ते विचारा आणि त्यांना भेटा. त्यांना आठवत असतं.