हिशोब विचारला म्हणून सभासदत्व जातं का?

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत मी उभं राहून विचारलं की थकबाकी एवढी वाढली कशी, तर चेअरमन म्हणाले खाली बसा, ऑफिसात बोलू. ऑफिसात गेलो तर म्हणाले जास्त बोललात तर सभासदत्व काढून टाकू. सभेत बाकी सगळे गप्प. सहकार आता मूलभूत हक्क झालाय म्हणतात, त्याचा उपयोग होईल का? माहिती अधिकारात अर्ज टाकू का?

उत्तर : दादा, आधी घाबरणं सोडा. चेअरमनच्या तोंडी धमकीने कोणाचं सभासदत्व जात नसतं. महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातलं कलम ३५ आहे, त्यात संस्थेच्या हिताला बाधक कृत्य केलेलं असावं लागतं, तुम्हाला बाजू मांडू द्यावी लागते, खास त्यासाठी बोलावलेल्या सभेत हजर मतदारांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी ठराव पास करावा लागतो आणि वर निबंधकांची, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याची, मंजुरी. हिशोब विचारणं हे बाधक कृत्य कसं होईल? उलट विचारलंच पाहिजे, पैसा सभासदांचा आहे!

मूलभूत हक्काचं म्हणाल तर ९७ व्या घटनादुरुस्तीने २०१२ पासून कलम १९ मध्ये सहकारी संस्था स्थापन करायचा हक्क आला, ते खरंय. पण तो संस्था काढण्याचा हक्क, आत गेल्यावर तुमचं भांडण कायदा आणि उपविधींवरच, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांवरच, लढावं लागतं. माहिती अधिकाराचंही तसंच, सरकारच्या भरीव पैशावर न चालणारी आणि सरकारच्या ताब्यात नसलेली सहकारी संस्था त्या कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय. निबंधक कार्यालय मात्र येतं, आणि त्यांना कायद्याने संस्थेकडून जी माहिती मागवता येते ती तुम्ही त्यांच्याकडे मागू शकता.

त्याहून जवळचा रस्ता म्हणजे सहकारी संस्था कायद्यातलंच कलम ३२. शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्तं, तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी, हे सगळं ऑफिसच्या वेळेत फुकट बघता येतं, फी भरली की नकला पण मिळतात.

आता ते गप्प बसलेले लोक. मला खरी काळजी त्यांचीच वाटते. "विना सहकार नाही उद्धार" आपण लेटरहेडवर छापतो आणि एकटा माणूस उभा राहिला की सगळे मान खाली घालतात, कोणाचं कर्ज अडकलेलं असतं, कोणाला जामीनदार हवा असतो, हे कळतं मला. पण एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कलम ७६ प्रमाणे महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते, मग ती चेअरमनच्या मर्जीवर राहत नाही, म्हणून सभेत न बोललेल्यांच्या घरी जा, तिथे ते बोलतील, आणि सही करायला भाषण ठोकावं लागत नाही. उपविधीत आकडा वेगळा असेल तर तोही बघून घ्या. अर्जात थकबाकीचा विषय स्पष्ट लिहा, दोन प्रती करा, एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या, आणि देत नसतील तर पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.