विहिरीतलं गार पाणी आणि समुद्राचे थर

भाऊ, नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती, मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स-गणित घेऊन. आता तिला आवाजाच्या मदतीनं समुद्रातल्या पाण्याचे थर अभ्यासायचे आहेत. "समुद्र कधी पाहिला नाही, त्या पोरीला हे जमेल का? की बी.एड.ला घालू?" असं तुम्ही विचारलंत.

मे महिन्यात विहिरीत उडी मारली की अंगाला पाणी कोमट लागतं आणि पाय गारठतात. समुद्रातही असेच थर आहेत, फक्त तिथं खारटपणाही बदलतो. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो. ऊन पाण्यात अधिक, खारट पाण्यातही थोडा अधिक. म्हणून थर बदलतो तिथून पाण्यात सोडलेल्या आवाजाचा अगदी क्षीण प्रतिध्वनी परत येतो. जहाजामागं ओढलेल्या काही किलोमीटर लांब केबलवरचे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले माइक, तो टिपतात. ही मूळची तेल शोधायची रीत. पाण्यातून येणाऱ्या त्या प्रतिध्वनीकडे तोवर फारसं कुणी बघत नव्हतं. २००३ साली न्यूफाउंडलंडजवळच्या नोंदींतून संशोधकांनी त्यातच पाण्याचे थर दाखवले.

आपला याच्याशी संबंध काय? बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पसरतं आणि खालचं पाणी सहज वर येऊ देत नाही. त्याच उपसागरावर तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पावसाळ्यात विदर्भापर्यंत येतात. तुमच्या सोयाबीनला ते चांगले ठाऊक आहेत.

समुद्र न पाहिल्यानं काही अडत नाही, भाऊ. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत यांचा जन्म नागपूरचाच. अडेल ते गणित कच्चं राहिलं तर. या कामाचा मोठा भाग संगणकावर लहरींचा हिशेब करण्यात जातो. तिनं आत्तापासून पायथॉन ही संगणकाची भाषा शिकावी आणि तिसऱ्या वर्षाला एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा द्यावी. एम.एस्सी. फिजिक्स, जिओफिजिक्स किंवा कोचीनच्या विद्यापीठातलं ओशनोग्राफी, तिन्ही वाटा चालतील. पुढं गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचं समुद्राची माहिती देणारं केंद्र इन्कॉइस, चेन्नईची समुद्र तंत्रज्ञान संस्था एन.आय.ओ.टी.

जागा थोड्या आहेत आणि पीएच.डी.पर्यंत सात-आठ वर्षं जातील, हे लपवत नाही. पण नेट परीक्षेतून जे.आर.एफ., म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप असते. त्यानंतर घरावर भार नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, ते दार बंद होत नाही.

लांब वायरचा साधा डिजिटल थर्मामीटर तिला आणून द्या. येत्या उन्हाळ्यात विहिरीत मीटर-मीटरवर तापमान मोजून तिनं आलेख काढावा आणि मला पाठवावा.