बोटॉक्स म्हणजे खरंच विष असतं का? मग ते चेहऱ्यावर कसं काय टोचतात?

हो, विषच आहे, आणि तेही आजवर माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जिवाणू ते तयार करतात. नीट निर्जंतुक न केलेल्या डबाबंद अन्नात ते वाढले तर श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस दगावू शकतो.

सगळी गंमत मात्रेत आहे. मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून स्नायूला ‘आवळ’ असा निरोप देतात. हे विष तो निरोपच अडवतं. अतिसूक्ष्म मात्रा नेमक्या स्नायूत टोचली की तेवढाच स्नायू सैलावतो.

सुरकुत्या नंतर आल्या बरं का! अमेरिकेत नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरलं. १९८९ मध्ये त्याला आणि पापण्यांच्या आचक्यांवरील उपचाराला मान्यता मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांना मान्यता थेट २००२ मध्ये. जुनाट मायग्रेन, अति घाम, अर्धांगवायूनंतर ताठरलेले हातपाय यांवरही ते देतात.

परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. पार्लरमध्ये मात्र चुकूनही टोचून घेऊ नका. सुई जराशी चुकली तरी पापणी लोंबू शकते आणि काही आठवडे तशीच राहू शकते.