ब्लिओमायसिन आणि उंदरांची फुप्फुसे

प्रश्न : भावाला हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी ब्लिओमायसिन देताना डॉक्टर वरचेवर फुप्फुसे तपासतात. हेच औषध देऊन प्रयोगशाळेत उंदरांची फुप्फुसे मुद्दाम बिघडवतात, असे वाचले. ते कशासाठी?

उत्तर : ब्लिओमायसिनला निष्प्रभ करणारे विकर (एन्झाइम) फुप्फुसांत फारच कमी असल्याने इजा तिथे होते. उंदराच्या श्वासनलिकेत एकच मात्रा सोडली की पहिल्या आठवड्यात दाह होतो आणि सुमारे १४ ते २८ दिवसांत स्पंजासारख्या मऊ वायुकोशांच्या जागी कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे घट्ट व्रणऊतक (जखमेच्या वणासारखे ऊतक) साचते. फुप्फुसे अशीच कडक करणाऱ्या माणसाच्या आजारावरील औषधे पारखण्यासाठी हे करतात; पिरफेनिडोन हे औषध अशाच प्राण्यांवर पारखले गेले. मात्र उंदराचा व्रण पुढे बराचसा आपोआप विरतो, माणसाचा सहसा नाही, त्यामुळे अशा प्रयोगांतील यशाने हुरळून जाणे आम्हांला पटत नाही. भावाला कोरडा खोकला किंवा धाप लागल्यास डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.